पूल कशावर उभा असतो

(जुना जालना येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



संयोजकांचं पत्र आलं त्यात विषयही लिहूनच आला होता: ‘ब्रिज या इंग्रजी शब्दाचे अनेक अर्थ’. ज्यांच्या स्मरणार्थ आपण इथे जमतो ते गुरुजी इंग्रजी शिकवायचे आणि एकेका शब्दावर अख्खा तास काढायचे, असं त्यांचे विद्यार्थी सांगतात. मी भाषेचा माणूस नाही. माझी सगळी नोकरी बांधकाम खात्यात, पुलांच्या कामावर गेली. शब्दकोशातून निघून मी शेवटी सिमेंट-सळईवरच येणार, हे संयोजकांना माहीत नसेल असं नाही. तरी त्यांनी बोलावलं, म्हणजे जबाबदारी त्यांची.

आणि हा विषय मांडायला जुन्या जालन्याइतकी सोयीची जागा कुठली? मधून कुंडलिका जाते म्हणून या गावाला जुनं आणि नवं अशी दोन अंगं आहेत. पलीकडचं अंग जुन्या कागदांत कादराबाद म्हणून येतं. सदर बाजार पलीकडे, मोंढा पलीकडे. काली मशीद आणि आनंदी स्वामींचं मंदिर अलीकडे. लोखंडी पूल, राजमहालचा पूल, रामतीर्थाचा पूल ही तुमच्या रोजच्या पत्त्यातली नावं आहेत. ‘जालना सोने का पालना’ म्हणतात, पण तो पाळणा टांगलाय दोन काठांना. दुसऱ्या गावात पूल हा भाषणात वापरायचा शब्द असतो. इथे तो बंद झाला तर पोराला शाळेत उशीर होतो.

आधी शब्दकोशाचं काम उरकून घेऊ. इंग्रज नाकाच्या दांड्याला ब्रिज म्हणतो, चष्म्याच्या दोन काचांमधल्या दांडीलाही ब्रिज म्हणतो. पत्त्यांच्या खेळाला ब्रिज म्हणतो, पण त्या नावाचा पुलाशी संबंध लावू नका. १८८६ साली लंडनमध्ये या खेळाची एक छोटी पुस्तिका निघाली, तिच्यावर खेळाचं नाव ‘बिरिच’ असं होतं. इंग्रजी जिभेला ते जड गेलं आणि तिनं आपल्या ओळखीचा शब्द तिथे बसवला. बोटीवरच्या ब्रिजची गोष्ट मात्र खरी पुलाची आहे. दोन्ही बाजूंना चाकं फिरवत चालणाऱ्या आगबोटी आल्या तेव्हा त्या चाकांवर मोठाले पेटारे असत. या पेटाऱ्यावरून त्या पेटाऱ्यावर जायला आडवी वाट टाकली. तिथे उभं राहिलं की सगळी बोट दिसते, हे कप्तानाच्या ध्यानात आलं आणि तो तिथेच ठाण मांडून बसला. पुढे चाकं गेली, पेटारे गेले, आडवी वाटही गेली. कप्तानाच्या जागेचं नाव ब्रिजच राहिलं. पुण्याचा लकडी पूल आज कुठे लाकडाचा आहे?

अकरावी-बारावीला विज्ञान घेतलेल्यांना व्हीटस्टन ब्रिज आठवत असेल. तो शोधला सॅम्युअल ख्रिस्टी यांनी, १८३३ साली. व्हीटस्टननं दहा वर्षांनी तो वापरून दाखवला, ख्रिस्टींचं श्रेय मोकळेपणानं मान्यही केलं, तरी नाव व्हीटस्टनचंच पडलं. मला त्यातली गंमत वेगळी वाटते. या पुलावरून काहीच जात नाही, काटा शून्यावर थांबतो, तेव्हाच त्याचं काम फत्ते होतं. आमच्या खात्यात असा पूल बांधला असता तर चौकशी लागली असती.

आता दाताचा ब्रिज. मधला दात पडतो, दोन्ही शेजारचे दात घासून लहान करतात, त्यांच्यावर टोप्या बसवतात आणि मधे खोटा दात अडकवतात. घासाचा सगळा भार त्या दोन शेजाऱ्यांवर पडतो. दातांचे डॉक्टर या शेजारच्या दातांना अबटमेंट म्हणतात. आम्हीही पुलाच्या दोन्ही टोकांना काठात रोवलेल्या भिंतींना अबटमेंटच म्हणतो. शेजारचा दात किडला की खोटा दात कितीही महागाचा असो, पूल हलायला लागतो. मला आज जे सांगायचं आहे ते जवळजवळ एवढंच आहे. लोक पुलाचा मधला भाग बघतात, फीत तिथेच कापतात, फोटो तिथेच काढतात. पूल उभा असतो तो काठांवर, आणि तो उभा राहतो कुणीतरी येऊन बघतं म्हणून.

तानपुऱ्याचं घ्या. भोपळ्यावरच्या तबलीवर जो पट्टीसारखा तुकडा असतो आणि ज्याच्यावरून तारा जातात, त्याला इंग्रजीत ब्रिज म्हणतात, आपल्याकडे घोडी. व्हायोलिनची घोडी अरुंद असते, तार तिच्या धारेवर टेकते. तानपुऱ्याची घोडी रुंद असते, तिचा माथा अगदी किंचित उतरता घासलेला असतो. छेडलेली तार त्या माथ्याला पुन्हापुन्हा निसटता स्पर्श करते. तार आणि घोडी यांच्यामध्ये सुती दोरा सरकवतात, तो केसभर मागेपुढे झाला की नाद बदलतो. तानपुरा जो भरून वाजतो, एका तारेतून अनेक स्वर झिरपल्यासारखे ऐकू येतात, ते या घोडीमुळे. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ च्या सुमारास यावर निबंध लिहिला. तार जिथे छेडली तिथे ज्या उपस्वरांनी गप्प बसायला हवं, ते तानपुऱ्यात गप्प बसत नाहीत, हे त्यांनी दाखवलं. पाश्चात्त्य वाद्यांवरून बांधलेला नियम आपल्या घोडीनं मोडला होता.

या घोडीच्या माथ्याची जी घडण, तिला जवारी म्हणतात. मिरजेत हे काम पिढ्यान् पिढ्या चालत आलं आहे. तिथले कारागीर मुळात शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार लावणारे. एकोणिसाव्या शतकात तलवारींचं काम सरलं आणि फरीदसाहेबांनी तंबोरे-सतारी करायला घेतल्या. २०२४ मध्ये मिरजेच्या तानपुऱ्याला आणि सतारीला भौगोलिक मानांकनही मिळालं. पण मी मिरजेत जाऊन पाहिलं ते दुसरंच. वाद्य नवं घेणारे थोडे असतात, जुनं वाद्य जवारीसाठी घेऊन येणारे पुष्कळ असतात. वाजवून वाजवून तार घोडीच्या माथ्यात चर पाडते. चर पडला की नाद मरतो. मग कारागीर तारा सैल करतो, घोडी घासतो, तार चढवतो, ऐकतो, पुन्हा उतरवतो, पुन्हा घासतो. हे एकदा करून भागत नाही, वाद्य वाजतं आहे तोवर करत राहावं लागतं. आमच्या खात्यातल्या देखभाल शाखेत मी असा कान असलेला माणूस शोधत राहिलो.

पूल नसताना काय होतं, याचं उत्तर आपल्याच जिल्ह्यात आहे. २३ सप्टेंबर १८०३. असईच्या मैदानाजवळ शिंदे आणि भोसले यांच्या फौजा. त्याच महिन्याच्या सुरुवातीला कर्नल स्टीव्हन्सननं आपला जालना घेतला होता. इंग्रजांचा सेनापती आर्थर वेलस्ली असईकडे आला तेव्हा मध्ये केळणा नदी होती. वाटाडे सांगू लागले, इथे नदीला उतार नाही. वेलस्लीनं दुर्बिणीतून पाहिलं तर या काठाला एक गाव आणि बरोबर समोर त्या काठाला दुसरं गाव. त्यानं अंदाज बांधला, की दोन गावं अशी तोंडासमोर तोंड करून वसली आहेत तर त्यांचं एकमेकांकडे जाणं-येणं असणारच, आणि जाणं-येणं आहे म्हणजे इथे उतार आहे. उतार होता. फौज पार झाली, आणि पुढे दोन्ही बाजूंची माणसं भयंकर संख्येनं मेली.

लढाईच्या निकालाबद्दल आपल्याला काही अभिमान वाटण्याचं कारण नाही. पण वेलस्लीचा तो तर्क मी नोकरीत अनेक वेळा वापरला. नवा पूल कुठे घ्यायचा हे नकाशावर ठरवू नये. माणसं आधीच कुठून उतरतात ते बघावं. बाया कुठून डोक्यावर भारा घेऊन पाणी तुडवतात, पोरं कुठून चपला हातात घेऊन जातात, गुरं कुठे पाण्यात शिरतात. दोन गावांचं सोयरेपण आधी असतं, बाजार आधी असतो, पूल सगळ्यांत शेवटी येतो. त्या वेलस्लीच्या दख्खनमधल्या विजयांची आठवण म्हणून पुढे पुण्यात संगमावरच्या पुलाला त्याचं नाव दिलं गेलं. ज्या लढाईत त्याला पूल मिळालाच नाही, उतार शोधावा लागला, तिचं स्मारक पुलाच्या रूपानं व्हावं हा इतिहासाचा विनोद आहे. त्याला वाट दाखवणाऱ्या त्या दोन गावांच्या नावाचा पूल पुण्यात कुणी बांधला नाही.

आपल्या भाषेत या ओलांडण्याला एकच एक शब्द नाही, हे मला बरं वाटतं. कोकणात ओढ्यावर साकव असतो. आपल्याकडे पुराचं पाणी वरून जाऊ देणारी फरशी असते, रस्त्याखाली मोरी असते, नळकांडी पूल असतो. काहीच नसतं तिथे गुळाच्या काहिलीत बसून माणसं नदी पार करत. जायकवाडीच्या फुगवट्यात, गंगापूर तालुक्यातल्या भिव धानोऱ्याची मुलं थर्माकोलच्या तुकड्यांवर बसून शाळेला जातात, ही बातमी छापून आली आणि उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं तिची स्वतःहून दखल घेतली. थर्माकोलसुद्धा शब्दकोशात जायला हवं खरं तर.

आणि सेतू. हा शब्द आपण देवघरात ठेवला होता, रामेश्वराच्या बाजूला. आता तो तहसील कचेरीत आहे. उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, नॉन-क्रिमीलेअर, सगळं ‘सेतू’त. ‘आज सेतूत गर्दी होती’ हे वाक्य वाल्मीकींना कळलं नसतं, पण आपल्या प्रत्येक बारावीच्या मुलाला कळतं. करोनानंतर, जुलै २०२१ मध्ये शाळांना ‘सेतू अभ्यास’ आला. एका वर्षाचं बुडालेलं शिक्षण पंचेचाळीस दिवसांत भरून काढायचा तो कार्यक्रम होता. कल्पना वाईट नव्हती. पण ज्या पोराकडे मोबाइल नव्हता, त्याचा अलीकडचा काठच खचलेला होता. त्यावर पंचेचाळीस दिवसांचा गाळा टाकून काय होणार? संस्कृतात सेतू म्हणजे बांध असाही अर्थ आहे, अगदी शेताचा बांध. जोडणारा तोच आणि ज्याच्यावरून सख्खे भाऊ कोर्टात जातात तोही तोच. तेव्हा हा शब्द उच्चारताना जरा जपून.

माणसांना पूल म्हणायची आपल्याकडे फार हौस. कुठलाही सत्कार काढा, सत्कारमूर्ती दोन पिढ्यांमधला सेतू असतेच. मला खरोखर पटलेला असा एकच माणूस सांगतो आणि योगायोगानं सेतू त्यांच्या नावातच होता: सेतुमाधवराव पगडी. १९१० साली निलंग्याला जन्म, हैदराबाद संस्थानात मुलकी सेवेत अधिकारी, इतिहासकार. गालिब आणि इक्बाल मराठीत आणणारे. ज्या आदिवासी भागात नोकरी झाली तिथली गोंडी आणि कोलामी शिकून त्यांच्याबद्दल लिहिणारे. पुढे महाराष्ट्राच्या गॅझेटिअरचं काम. आत्मचरित्राचं नावही त्यांनी ‘जीवनसेतू’ ठेवलं. पगडींचं मोठेपण मी कशात मानतो? त्यांना दोन्ही काठ पुरते माहीत होते. उर्दू त्यांना ऐकून-ऐकून आली नव्हती, ते तिच्यात शिकले होते, तिच्यात कारभार केला होता. मराठी तर घरची. दोन्हीकडे पाया खडकापर्यंत गेलेला होता, म्हणून मधला गाळा पेलला.

जुन्या जालन्यात अशी माणसं कमी नव्हती. घरी मराठी, शाळेत उर्दू, दुकानात मारवाडी ऐकून समजणारी, दस्त उर्दूत लिहिणारी. त्यांना कुणी सेतू म्हणालं नाही, ती कारकून होती, वकील होती, पेशकार होती. १९४८ नंतर ती हळूहळू निवृत्त झाली आणि त्यांच्या जागा भरल्या गेल्या नाहीत. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी सरकारनं निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली. ज्या मराठा आरक्षणाच्या आंदोलनातून हे झालं ते याच जिल्ह्यात, अंतरवाली सराटीत पेटलं होतं. कपाटं उघडली तर आत मोडी आणि उर्दू. ते वाचणारी माणसं शोधत फिरावं लागलं. आंदोलनाबद्दल तुमचं-माझं मत काहीही असो, त्या कपाटांसमोर आपण सगळे एकाच काठावर उभे होतो आणि पूल नव्हता. तो कुणी पाडला नव्हता. पंच्याहत्तर वर्षं त्याच्याकडे कुणी पाहिलं नव्हतं.

आता माझ्या हक्काच्या विषयावर येतो. महाडजवळ सावित्री नदीवरचा दगडी कमानींचा पूल १९२८ चा. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात तो पडला आणि एसटीच्या दोन गाड्या माणसांसकट वाहून गेल्या. त्याच वर्षी पावसाळ्यापूर्वी त्याची पाहणी झाली होती, असं सरकारनंच नंतर सांगितलं. नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला, ५ जून २०१७ ला खुला झाला. इतक्या वेगानं बांधता येतं हे ऐकून लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला त्या दिवशी टाळी वाजवावीशी वाटली नाही. आपल्याला पूल बांधता येतात, यात मला कधी शंका नव्हती. १५ जून २०२५ ला तळेगावजवळ कुंडमळ्याचा इंद्रायणीवरचा लोखंडी पूल रविवारच्या गर्दीखाली कोसळला, चार माणसं गेली. तिथे पूल धोकादायक असल्याची पाटी होती. पाटी लावली म्हणजे देखभाल झाली, अशी आपली समजूत आहे.

पाहणी म्हणजे काय, हे आम्ही लोकांना कधी सांगितलं नाही, ही आमच्या पेशाची चूक. पूल वरून बघायचा नसतो. वरचं डांबर गुळगुळीत असतं, ते फसवं असतं. खाली उतरायचं. खांबाच्या बुडाशी पाण्यानं माती खरवडून नेली आहे का ते बघायचं. पाणी असेल तर पाणबुड्या उतरवायचा. दगडी बांधकामाच्या फटीत पिंपळ उगवला आहे का? बोटभर रोपटं दिसतं, मूळ आत हातभर गेलेलं असतं. पाणी जायची भोकं बुजली आहेत का? बुजली असतील तर पाणी स्लॅबमध्ये मुरतं आणि सळई गंजायला लागते. सळई गंजली की फुगते आणि काँक्रीट आतून फोडते. या गावाला सळईबद्दल मी काय सांगू? राज्यभरातल्या पुलांच्या पोटात जालन्याच्या कारखान्यांची सळई आहे. ती भट्टीतून चांगली निघते, तिला पाण्यापासून वाचवणं हे पुढच्या माणसाचं काम.

आणि पुलाच्या सांध्यातली फट. शंभर मीटर लांबीचा पूल तापमान तीस अंशांनी वाढलं की साडेतीन सेंटिमीटरच्या आसपास लांबतो. म्हणून एका टोकाला आम्ही त्याला पक्का धरतो आणि दुसऱ्या टोकाला सरकायला मोकळं ठेवतो. मधे फट सोडतो. ती फट गाडीला दणका देते म्हणून लोक तक्रार करतात आणि दर निवडणुकीआधी कुणीतरी तिच्यावरून डांबर फिरवतं. गाडी गुळगुळीत जाते. पूल मात्र जखडला जातो, आणि मग कडेला तडे दिसू लागतात. दणका बसू द्या, तो पूल जिवंत असल्याची खूण आहे.

शेवटची गोष्ट वाळूची, ती बोलल्याशिवाय मराठवाड्यात पुलावर बोलणं म्हणजे ढोंग होईल. दुधना, पूर्णा, गोदावरी यांच्या पात्रांतून रात्री काय चालतं ते तुम्हाला ठाऊक आहे. पुलाजवळून वाळू काढायला मनाई आहे, कारण खांबाचा पाया त्या वाळूच्या आधारानं बसलेला असतो. पात्राचा तळ खाली गेला की पाया उघडा पडतो. पुढच्या पुरात पूल पडतो आणि आपण पुराला दोष देतो. या वाळूतून घरं बांधली जातात आणि त्या घरांकडे जाणारा पूल त्याच वाळूपायी जातो. यात कोण कुणाला फसवतं आहे, हे मला अजून नीट सांगता येत नाही.

तुम्ही विचाराल, आम्ही काय करायचं? दर पुलाची पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर पाहणी करायची, असा खात्याचा नियम आहे, आणि पाहणीची नोंद ठेवायची असते. ही नोंद गुप्त नाही. कुंडलिकेवरच्या तुमच्या पुलांची नोंद मागा. कुठल्या पुलाची पाहणी कधी झाली, कुणी केली, खाली उतरून केली की वरून केली, काय दोष आढळले, दुरुस्ती झाली का, एवढेच प्रश्न लिहा. जालना आता महानगरपालिका आहे, तेव्हा काही पूल तिच्याकडे असतील, काही बांधकाम खात्याकडे. दोन्हीकडे अर्ज करा, म्हणजे एकमेकांकडे बोट दाखवता येणार नाही. माहिती अधिकाराच्या अर्जाला दहा रुपये लागतात आणि तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. उत्तर समजलं नाही तर मला पाठवा, मी वाचून सांगेन.